कृष्णेचा घोट

ठकुबाईंनी घोट तोंडात घोळवला आणि उशीवरच थुंकून टाकला.

"नागोजी, मरताना तरी फसवू नको रं. ही न्हवं माझी कृष्णा. सवळ, खारट पाणी हाय हे, बोअरचं."

बाटली कृष्णेचीच होती. अथणीकडच्या गावी नागोजीच्या बहिणीनं, गंगव्वानं, स्वतः नदीत उतरून ती भरली होती आणि बसच्या ड्रायव्हरकडं देऊन बेंगळुरात मल्लेश्वरमला धाडली होती. डॉक्टरांनी हात टेकलेले, म्हातारीनं अन्न सोडलेलं. मागणं काय, तर नदीच्या पाण्याचा एक घोट. तेवढंही पोराला जमू नये?

आणि पोरगा कोण, तर सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं पाणी तपासणारा! सकाळी आईच्या नकळत त्यानं त्या बाटलीत क्षार मोजायचा मीटर बुडवला होता. आकडा बघून मीटर पुसला, पुन्हा बुडवला. आकडा तोच. दुसऱ्या कुणाची बाटली असती तर ‘पिऊ नये’ असा शेरा मारून तो मोकळा झाला असता.

वर धरणं झाली, खाली बंधारे झाले, उन्हाळ्यात नदी वाहायची थांबली. उसाला पाजलेलं पाणी रानातला खार घेऊन नदीत येतं आणि तिथंच साचून राहतं. नागोजीला हे सगळं पाठ होतं. पण पंधरा वर्षांमागं वाहती नदी बघून निघालेल्या बाईला ते सांगायचं कोणत्या तोंडानं? त्याला स्वतःचीच चीड आली.

तो स्वयंपाकघरात गेला. बेंगळुरात नळाला येते ती कावेरी. फिल्टरखाली तांब्या धरला. आजवर त्यानं एकाही बाटलीवर खोटी चिठ्ठी लावली नव्हती.

"मघाशी बाटली चुकली, आई. ही बघ गंगव्वाची. स्वल्प घे."

ठकुबाईंनी घोट घेतला. डोळे मिटून आणखी एक मागितला.

"हां. ही माझी," त्या म्हणाल्या. दुपारी त्या गेल्या.

त्यानं गंगव्वाला फोन लावला. ती पोटभर रडली. मग नाक ओढत तिनं विचारलं, पाणी वेळेत पोचलं होतं का.

"पोचलं. गोड लागलं म्हणाली."

पलीकडचं नाक ओढणं थांबलं. त्या पाण्याला गंगव्वा दोन वर्षं म्हशीसुद्धा नेत नव्हती.

"बरं केलंस, अण्णा," ती म्हणाली.