खुंटीवरची टोपी

मी एक जुनी खुंटी आहे, मित्रांनो. लालबागच्या एका चाळीत, दाराशेजारच्या भिंतीवर असते. खुंटीला सांगण्याजोगं आयुष्य असतं का, ही शंका मलाही आहे; तरी सांगते.

आधी मी गिरणीत सूत गुंडाळायचं लाकडी बॉबिन होते. तडकले, तेव्हा या घरच्या गुणाजींच्या वडिलांनी मला घरी आणलं आणि माझ्या आरपार भोकातून लांब खिळा ठोकून भिंतीवर बसवलं. डब्याच्या पिशव्या, छत्र्या, ओले सदरे, सगळं मी पेललं. "काय दणकट आहे!" असं पाहुणेही म्हणायचे. पुढे कपाट आलं, आणि माझ्याकडे उरली फक्त गुणाजींची करडी टोपी.

रोज संध्याकाळी गुणाजी ती काढायचे, डोक्यावर ठेवून वरून थोपटायचे आणि अजून वर्षाचीही न झालेल्या नातीला, पूर्वीला, कडेवर घेऊन विचारायचे, "काय मॅडम, भुर्र?" मग दोघं नाक्यावर फिरायला जायची.

एके दिवशी गुणाजींना अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून आले ते उजवा हात आणि वाचा गमावूनच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भरवायला गेलं की ओठ मिटून घ्यायचे. "डॉक्टर म्हणतात उठवा, चालवा. पण बाबा बघतसुद्धा नाहीत हो," सून दर्शना फोनवर सांगायची.

त्याच दिवसांत पूर्वीने एक सुरू केलं. माझ्याकडे बोट दाखवायचं, मग स्वतःच्या डोक्यावर चापट्या मारायच्या. आणि वळून बघायचं, कुणाचं लक्ष आहे का.

"आई, डोकं दुखतंय हिचं," दर्शना म्हणाली.

"डोक्यां कसला! दिष्ट लागली पोरीक," म्हणत तिच्या सासूने, मालनआजीने, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दर्शनाने टाळूवर तेल चोळलं. पूर्वीने तेलकट डोक्यावर आणखी एक चापट मारली आणि भोकाड पसरलं.

"बघा, गेली का दृष्ट?"

"तुझ्या तेलान तरी काय झाला?"

मला कळत होतं, पण मी पडले लाकूड.

त्या रडण्याने गुणाजींनी कूस बदलली. पूर्वीने त्यांच्याकडे पाहून बोट माझ्याकडे केलं, हात डोक्यावर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर गेला, आणि त्यांनीही आपलं डोकं थोपटलं.

रडणं तिथेच थांबलं.

"टोपी? बाबा, टोपी हवीय?" दर्शना माझ्याकडे धावली.

"अगो बाय माझे!" आजी पूर्वीकडे बघत म्हणाली. "चेडू भुर्र मागता हा!"

त्या दिवशी नाका गाठला नाही, गॅलरीच गाठली. वाकडी टोपी घातलेले गुणाजी आजीच्या खांद्यावर भार टाकून, आणि पुढे दर्शनाच्या कडेवर पूर्वी.

मित्रांनो, घरातलं बाळ अजून बोलत नसलं तरी ते गप्प आहे असं समजू नका. त्याचं बोट कुठे जातं ते बघा, आणि मग त्याच्या डोळ्यांत बघा. मी काही जाणकार नाही. माझं चुकतही असेल.

आता रोज संध्याकाळी मी थोडा वेळ रिकामी असते. एका खुंटीने असं म्हणू नये, पण तो वेळ मला सर्वांत आवडतो.