गुलाबाच्या वाफ्यातला मोह

रविवारी संध्याकाळी सहा वाजता धरणाखालच्या बागेतली कारंजी सुरू झाली. सोमारीबाईने ती पहिल्यांदाच पाहिली. दोन वर्षं ती इथे माळीकाम करत होती, पण तिची सुट्टी पाचलाच व्हायची. आज मात्र ती नवं लुगडं नेसून, नात मोनालीला घेऊन पाहुणी म्हणून आली होती.

"आजी, हे सारं तूच लावलं काय?"

"पाणी सोडून सारं," सोमारीबाई ऐटीत म्हणाली.

तेवढ्यात मुकादम धनराज आला. "बाई, गुलाबाच्या वाफ्यात मोहाचं रोप काऊन ठेवलं? नकाशात नाई ते. उद्या साहेब येऊन राह्यले. उपटून टाका."

"आपोआप उगवलं, भाऊ. मोह आमचा देव आहे, उगवला तं आम्ही उपटत नाई. तुमच्या साहेबालेच उपटू द्या."

सोमवारी साहेब आले. वीतभर रोपापाशी बराच वेळ उभे राहिले. उपटा, असं काही ते म्हणाले नाहीत. नकाशा बदलायला वरची मंजुरी लागते, म्हणून त्यांनी गडचिरोलीला पत्र पाठवलं.

गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं. रोपाभोवती सोमारीबाईने विणलेलं बांबूचं कुंपण होतं, आणि रोपाला पाचवं पान फुटलं होतं.