कोरड्या सरोवरातली वरात

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवलेलाच बरा; ठेवलात तर उद्या तुम्हीही असलं काही करायला जाल आणि बोट घालवून बसाल. पण मी, कोळसा वाहणारा ख्वांग, एकदा पाणी नसलेल्या सरोवरातून बोट तरंगवत नेली आहे.

हे मी बोललो तेव्हा आमच्या बोटी कालव्याच्या दरवाज्याखाली रांगेत बांधलेल्या होत्या. दरवाजा बंद होतो, आत पाणी भरतं आणि बोट वरच्या पातळीला चढते. पण नंबर येईस्तोवर थांबावं लागतं. मग चार डोकी एका बोटीवर जमतात, चहा होतो. माझी बायको छ्यूल्येन बाजूला कमळकाकडी चिरत बसली होती.

“ख्वांगकाका, मागच्या खेपेला तुम्ही माशाला झाडावर चढवलं होतं,” शेजारच्या बोटीवरचा ताओ म्हणाला. “ते जरा तरी पटत होतं.”

“तू चहा पी,” मी म्हटलं आणि सुरुवात केली.

हिचं माहेर वेईशान सरोवरात, बोटींच्याच गावात. आमचं लग्न ठरलं आणि नेमका त्या साली पाऊस रुसला. सरोवर आटलं. गावाच्या बोटी चिखलावर अंड्यांवर बसलेल्या कोंबड्यांसारख्या बसल्या. जवळच्या बेटावर एकच विहीर, तिचं पाणी खारट. म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या. आणि आमच्यात रीत अशी, की नवरी बोटीतून बोटीत जाते. मध्ये जमिनीला पाय लागला तर लग्न मोडलं. हिच्या बापानं, मंगनं, निरोप धाडला: पौर्णिमेपर्यंत तुझी बोट माझ्या बोटीला येऊन टेकली तर मुलगी तुझी. नाहीतर काठावरचा वीटभट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन तयारच आहे.

“त्याला नाही का रीत?” ताओनं विचारलं.

“तो जमिनीवरचा माणूस. त्यांना कसली आलीय रीत?”

सरोवर माझ्याकडं यायला तयार नव्हतं, तेव्हा ते मीच घेऊन जायचं ठरवलं. कोळसा उतरवला. बोटीचं पोट राखेनं घासलं, इतकं की आत तोंड दिसावं. दक्षिणेला जिथं मोठ्या नदीचं पाणी पंपानं कालव्यात चढवतात, तिथं जाऊन बोट काठोकाठ भरून घेतली. वाटेत जो तो हसायचा, हा बघा, पाण्यावरून पाणी नेतोय. हसा म्हटलं. सरोवराच्या तोंडाशी आलो आणि कालव्याचं पाणी संपलं. पुढं नुसता भेगाळलेला चिखल.

मी खाली उतरलो. बोटीच्या पुढं चिखलाचा बांध घातला, मागं एक घातला. पोटातलं पाणी मध्ये सोडलं. बोट उचलली गेली. ओढत पुढच्या बांधाला नेली, त्याच्यापुढं नवा बांध घातला, मधला फोडला. आपला हा दरवाजा सरकारनं सिमेंटचा बांधलाय. माझा चिखलाचा होता, आणि मी तो बरोबर घेऊन चाललो होतो.

“आणि मागं राहिलेलं पाणी?”

“बादलीनं परत बोटीत.”

“म्हणजे बोट ज्या पाण्यावर तरंगायची तेच प्यायची, आणि तरी तरंगायची?”

“तुला तरंगायचं असतं ना लेका, तर तूही तरंगला असतास.”

हाताची सालटं निघाली. फावड्याचा दांडा मोडला, मग वल्ह्यानं खणलं. अख्ख्या सरोवरात ओल काय ती माझ्या बोटीभोवती, म्हणून बगळे वऱ्हाड्यांसारखे मागून चालायचे. भाऊ येऊन म्हणाला, सोड नाद, दुसरी बघू. काठावर वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर रोज घुरघुरायचा. भावाला म्हटलं, एक तर तिथं पोहोचेन, नाहीतर इथंच चिखलात घर करीन. माघारी वळणार नाही.

आणि पौर्णिमेच्या सकाळी माझ्या बोटीचं नाक मंगच्या बोटीला टेकलं. पाणी काचेसारखं, थेंब कमी नाही. गाव बादल्या घेऊन धावलं. आणि ही, लाल कपड्यांत, पायाला मातीचा कण न लागता, त्या बोटीतून या बोटीत अलगद—

“खोटं,” छ्यूल्येन म्हणाली. विळी थांबली नव्हती.

“यातलं कुठलं, काकू?” ताओ पुढं सरकला.

“पाणी आणलं ते खरं. पण बोट दोन कोसांवर रुतली होती. हे रोज खणायचे आणि ती रोज आणखी खाली बसायची. आम्हाला टपावरून सगळं दिसायचं. पौर्णिमेला मी चपला हातात घेतल्या. बाबांना म्हटलं, पाणी तिथवर आलंय, आणायला कोण येतंय? आणि चालू लागले, गुडघाभर चिखलातून. माझ्यामागं गाव आलं, कावडी घेऊन. बाबा सगळ्यात शेवटी.”