पाहुणीची चकती

सयाजीला चांगला सिनेमा आवडत नाही. हे मी त्याचा जिवलग मित्र म्हणून, आयुष्यभर सोसून सांगतोय. ज्या सिनेमातलं यान थर्माकोलचं नाही, राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसत नाही आणि मंगळावर मागून एखादी म्हैस जात नाही, तो सिनेमा त्याच्या लेखी वाया गेला. असल्या पडेल विज्ञानपटांच्या सीडी, त्याच्या भाषेत चकत्या, त्यानं कुठून कुठून गोळा केल्या. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांतून, रद्दीवाल्यांच्या पोत्यांतून. घरात धान्य ठेवायला जागा नव्हती, चकत्यांना मात्र दोन कपाटं.

"पिराजी, खिशात दमडी न्हाय आणि चंद्रावर निघाल्यात बघ," तो म्हणायचा. "हेला काळीज लागतं."

मी त्याला येडं म्हणायचो आणि शेजारी बसून बघायचो. वहिनींचा चहा चांगला असायचा, दुसरं कारण नव्हतं.

त्यातलाच एक सिनेमा 'परग्रहाची पाहुणी'. पन्हाळ्याच्या पलीकडच्या पठारावर घाईघाईत उरकलेला. थेटरात लागलाच नाही, थोड्या व्हीसीडी निघाल्या आणि विषय संपला. त्यातली पाहुणी म्हणजे सयाजीची एकुलती एक पोरगी, निशिगंधा. तेव्हा ती तिसरीत होती. अंगाला चपात्या गुंडाळायची चंदेरी फॉइल, डोक्यावर चहाची गाळणी. तिला वाक्य एकच होतं, "आमच्या ग्रहावर अंधार नसतो." ऐन वेळी ती म्हणाली, "आमच्याकडं अंधार न्हाय," आणि स्वतःच फिदीफिदी हसली. परत घ्यायला पठारावर उजेड उरला नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं. चकती घरी आली तेव्हा तिनं आईची नेलपॉलिश घेऊन मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कडीवर लाल ठिपका दिला. ही माझी, म्हणाली.

उसाच्या गेल्या हंगामात निशी हातकणंगल्याहून कामावरून स्कुटीवर परत येत होती. दिवेलागणीची वेळ. रस्त्याकडेला उसानं भरलेली बैलगाडी उभी होती, मागं दिवा नाही, काही नाही. निशीला ती दिसलीच नाही. पुढचं मला सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही.

मोबाइलवर ती सारखी आमचे व्हिडिओ काढायची. त्यामुळं त्यात आम्ही सगळे आहोत, ती नाही. चालती-बोलती निशी उरली ती त्या एका चकतीत. मी सयाजीला कितीदा म्हणालो होतो, पेन ड्राइव्हवर उतरून घे. तर म्हणायचा, "पेन ड्राइव्ह गेला तर कळत न्हाय. चकतीवर चरा पडला तर डोळ्याला दिसतोय तरी." अशा माणसापुढं काय बोलायचं.

यंदा कारखाने सुरू झाले तेव्हा कॉलेजची काही पोरं उसाच्या गाड्यांमागं जुन्या सीडी चिकटवत फिरत होती. मागून उजेड पडला की सीडी चमकते. वहिनींच्या हे कानावर आलं. त्यांनी दोन्ही कपाटं उघडली आणि सयाजीला विचारलं, देऊ का? ज्यानं मला कधी एक चकती घरी नेऊ दिली नाही, तो भिंतीकडं बघत "दे" म्हणाला. वहिनींनी पाहुणीचं तेवढं कव्हर बाजूला काढलं आणि निशीच्या फोटोशेजारी ठेवलं. बाकीच्या चकत्या पोरं पोती भरून घेऊन गेली.

वर्षश्राद्धाला पैपाहुणे पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, "लावा की. एकदा ऐकूदे." सयाजीनं कव्हर उघडून चकती लावली. पडद्यावर एक रबरी पाल आली आणि शहर खायला लागली.

मग त्याला आठवलं. निशी लहान असताना जो येईल तो पाहुणा पोरीचा पिच्चर द्या म्हणायचा, आणि नेलेली चकती परत येण्याची खात्री नाही. म्हणून त्यानं ती कुणी ढुंकून बघणार नाही अशा कव्हरात घातली होती आणि तिच्या कव्हरात ही पाल. चोरापासून सोनं लपवावं तसं लपवलं, आणि वहिनींनी ते पालीचं कव्हर बाकीच्यांबरोबर पोत्यात टाकलं.

"तू न्हाय दिलीस. म्या लपवली हुती," सयाजी वहिनींना म्हणाला. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. मी मोटारसायकल काढली. कारखान्याच्या आवारात गाड्या नंबर लावून उभ्या असतात, तिथं आम्ही रोज जायला लागलो. सयाजी प्रत्येक गाडीमागं उकिडवा बसायचा आणि चकतीच्या भोकाजवळ डोळा न्यायचा. गाडीवानांना वाटायचं पोलीस आलेत. कुणी हसायचे, कुणी हटकायचे. मी भांडायचो, तो पुढच्या गाडीमागं बसलेला असायचा. मी मनात देवाला सांगत होतो, सापडूदे. पुढं सापडायलाच नको होती असंही वाटलं.

एका संध्याकाळी आवाराबाहेरच्या रस्त्यावर ती दिसली. बीडकडच्या एका जोडप्याची गाडी. नवरा बैलांना पाणी पाजत होता, बायको जू धरून उभी होती. मागच्या फळीवर एकच चकती आणि तिच्या मधोमध लाल ठिपका. सयाजीनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

मग त्यानं नखानं कड उचकटली. चकतीचा जीव, म्हणजे आतला सिनेमा, चमकत्या बाजूला नसतो, छापील बाजूखालच्या पातळ वर्खात असतो, हे त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं. आणि तीच बाजू फळीला चिकटवली होती. कड उचलली तसा तांदळाएवढा वर्ख फळीला धरून राहिला. सयाजी थांबला. त्याला कळलं, मलाही कळलं. ती काढली तर हातात नुसतं प्लास्टिक येणार होतं.

"नका काढू, दादा," बाई पुढं येत म्हणाली. "दुसऱ्या दोन पडल्या. ही हाये म्हणून मागच्या गाड्या लांबूनच दमानं येतेत."

सयाजीनं उचकटलेली कड अंगठ्यानं परत दाबली, खूप वेळ दाबून धरली. "न्हाय काढत," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "पिराजी, गाडी घे. वळणापतोर जा आणि दिवा लावून ये."

मी गेलो. अंधारून आलं होतं. वळणावर मोटारसायकल फिरवली, दिवा लावला आणि निघालो. पुढं नुसता काळोख होता, गाडी, बैल, माणसं काहीच दिसत नव्हतं. पण ती चकती दिसत होती. वळणापासूनच दिसत होती. माझे डोळे भरले, तरी दिसत होती.

"कुठनं दिसली?" सयाजीनं विचारलं.

"वळणापासनं."

"त्या दिवशी एवढं दिसलं असतं तर," तो म्हणाला आणि फळीला डोकं टेकून रडला. वर्षभरात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली.

गाडी हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही रस्त्यात उभे होतो. मागून येणारे ट्रक तिच्यामागं वेग कमी करत होते आणि वळसा घालून जात होते.

"वहिनींना काय सांगायचं?" मी विचारलं.

सयाजीनं तोंड पुसलं. "सांगायचं, सापडली. पोरगी कामावर हाय, आता घरला यायची न्हाय," तो म्हणाला आणि माझ्यामागं मोटारसायकलवर बसला.