सातव्या प्रसंगाची पेटी

दुपारी दीडच्या सुमाराला बाळीवेस भागातली लाईट गेली, तेव्हा शिवपुत्रच्या हातात साडेतीन तास उरले होते. पाच वाजेपर्यंत सात प्रसंगांचं संगीत पुण्याला पोचायला हवं होतं. सहा तयार होते. सातवा अडला होता.

लहानपणी गोवरात त्याचे डोळे गेले. आता तो चौतीस वर्षांचा होता. अकरा वर्षं त्यानं एका सहकारी बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलं आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर संगीत बनवलं. पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्याच्या लॅपटॉपवर होता. कळ दाबली की आवाज सांगायचा, ट्रॅक चार, व्हायोलिन. त्या आवाजाच्या बळावर तो डोळसांच्या बरोबरीनं काम करायचा.

दोन महिन्यांपूर्वी त्याचे नमुने ऐकून प्रियंका नावाच्या बाईंचा फोन आला. मोबाईलवर ऐकायची एक मराठी मालिका त्या करत होत्या. ‘पहिला भाग करून द्या, जमला तर उरलेले अकराही तुमचेच,’ त्या म्हणाल्या. आपल्याला दिसत नाही, हे शिवपुत्रनं त्यांना सांगितलं नव्हतं. आधी काम ऐकू देत, मग सांगू, असं त्यानं ठरवलं होतं.

सातवा प्रसंग भागातला शेवटचा. त्यात त्यानं तेवीस ट्रॅक रचले होते. व्हायोलिनं, पखवाज, बासरी, सगळं कॉम्प्युटरनं त्या क्षणी तयार करून वाजवायचं, आणि प्रत्येकावर घुमारा देणारा वेगळा इफेक्ट. खरं वाद्य एकच होतं, पेटी. ती समोर ठेवून, माईक लावून, बाकीचं हेडफोनमध्ये ऐकत त्याला स्वतः वाजवायची होती. काल रात्रीपर्यंत हे सगळं कसंबसं चालत होतं. पण आज एप्रिलचं ऊन, वरची पत्र्याची खोली, पंखा बंद, आणि बॅटरीवर गेलेला लॅपटॉप चार्जिंग वाचवायला आपणच मंद झालेला.

त्यानं भाता ओढला, पहिली ओळ धरली, आणि हेडफोनमधली व्हायोलिनं गरम तेलात मोहरी पडावी तशी तडतडायला लागली. मग अख्खं संगीत थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं, आणि यातच तासभर गेला. काय झालंय बघावं म्हणून त्यानं कळ दाबली.

“ट्... ट्रॅ... ट्रॅ...” वाचणारा आवाज अडखळला आणि गप्प झाला.

प्रोसेसरवर इतका ताण आला होता की वाचायलाही त्याच्यात जोर उरला नव्हता. लॅपटॉप चालू होता, हाताला चटके देत होता, पण काही सांगत नव्हता. शिवपुत्रनं तो बंद करून पुन्हा चालू केला. त्यात पंधरा मिनिटं गेली. सातवा प्रसंग उघडला आणि पुन्हा तेच झालं.

उपाय त्याला ठाऊक होता. जे ट्रॅक पक्के झालेत ते फ्रीज करायचे, म्हणजे एकदाच त्यांचं साधं रेकॉर्डिंग करून ठेवायचं. मग कॉम्प्युटरला ते दर वेळी नव्यानं घडवावे लागत नाहीत. पण फ्रीज करायचा तर आधी ट्रॅक निवडायला हवा, आणि निवडायचा तर आपण कुठल्या ट्रॅकवर आहोत हे कळायला हवं.

“श्रीदेवी!” त्यानं जिन्यातून हाक मारली. “वर ये. लवकर!”

श्रीदेवी, त्याची बायको, खाली कडक भाकऱ्या भाजत होती. घरी भाकऱ्या करून ती दुकानांना द्यायची. माहेर अक्कलकोटकडचं, घरची भाषा कन्नड, शिक्षण दहावी. मराठी ती भराभर वाचायची, इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून. सहा वर्षांच्या संसारात शिवपुत्रनं तिला लॅपटॉपला हात लावू दिला नव्हता.

“पीठ हाय की हाताला,” ती दारातून म्हणाली.

“पूस आणि बस इथं. वर उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरवरच्या भाराचा आकडा असेल. किती आहे?”

“लाल हाय. सत्त्याण्णव. आता अठ्ठ्याण्णव.”

“आणि बॅटरी?”

“अडतीस.”

अडतीस म्हणजे फार तर दोन तास. “आधी बाकीचं सगळं बंद करू,” तो म्हणाला. “तेवढाच भार कमी होईल. गाण्याचं सोडून काय काय उघडं आहे?”

“ते नेटचं हाय. त्यात पाच-सहा पानं हायत.”

“एकेक बघ आणि बंद कर. वर फुली असते.”

“हे इंग्रजीत कायतरी... केलं बंद. हे गाण्याचंच दुसरं दिसतंय... बंद. हे तुमचं ईमेल.”

तेव्हा त्याला आठवलं. “ते वाचू नको, नुसतं बंद कर,” तो घाईनं म्हणाला.

पण पत्र मराठीत होतं, आणि मराठी तिनं डोळा पडताच वाचलं होतं. “‘आपला राजीनामा मंजूर करण्यात येत असून...’” ती थांबली. “कुणाचा राजीनामा?”

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“तुमी म्हणलात पंधरा दिवस रजा हाय.”

“श्रीदेवी, पाचला पाठवायचं आहे. नंतर सांगतो सगळं.”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बँकेत फोन घ्यायला यंत्र आलं होतं. आठ महिने त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत नुसतं बसवून ठेवलं होतं. कुणी बोलत नसे, काम देत नसे. पगार येत होता, पण रोज सकाळी जिना उतरताना तो पायऱ्या मोजत वेळ काढायचा. प्रियंकाबाईंचा फोन आला आणि अकरा भागांच्या भरवशावर त्यानं बँक सोडली. यातलं एक अक्षरही त्यानं घरात सांगितलं नव्हतं.

“श्रीदेवी?”

खालून भाकरी करपल्याचा वास येत होता. त्यानं हात पुढे केला. शेजारची जागा रिकामी होती.

ती गेली, असं त्याला वाटलं. रागानं नव्हे, कायमची. पिशवी भरून अक्कलकोटची एसटी धरायला. घामानं त्याची बोटं कळांवरून घसरत होती. आवाज नसताना नुसत्या आठवणीवर त्यानं ट्रॅक निवडायचा प्रयत्न केला. खाली, खाली, खाली, आणि मग फ्रीजची कळ. हेडफोनमधला पखवाज एकाएकी नाहीसा झाला. फ्रीज झाला की पुसला गेला? दोन आठवड्यांचं काम होतं ते. त्यानं मागे नेणारी कळ दाबली. पखवाज परत आला की नाही, तेही कळेना, कारण संगीत पुन्हा अडकलं होतं. डोकं लॅपटॉपच्या कडेला टेकून तो तसाच बसून राहिला. इतकं आंधळं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली.

“गॅस बंद करून आले,” श्रीदेवी म्हणाली. आवाज कोरडा होता. “आता काय करायचं ते सांगा.”

“पखवाज आहे का बघ. आठव्या ओळीत.”

“पी, ए, के, एच... हाय.”

“त्याच्यावर उजवं बटण दाब. यादी येईल. त्यात एफनं सुरू होणारा शब्द शोध.”

“एफ, आर, ई, ई, झेड, ई.”

“तेच. दाब.”

पहिला ट्रॅक फ्रीज व्हायला तीन मिनिटं लागली. आकडा एक्क्याण्णववर आला. मग व्हायोलिनं, सगळ्यात जड तीच. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. ती फक्त आकडे सांगत होती. गारव्यासाठी ओल्या फडक्यानं लॅपटॉपखालची फरशी पुसायचं मात्र तिनंच मनानं सुरू केलं. नऊ ट्रॅक झाले तेव्हा आकडा बावन्नवर होता, आणि वाचणारा आवाज एकदम बोलला, “ट्रॅक दहा, बासरी.” शिवपुत्रनं कळ दाबून तो पुन्हा ऐकला.

“बॅटरी सतरा,” ती म्हणाली. “चार वाजून गेले.”

बाकीचे ट्रॅक तसेच सोडावे लागणार होते. त्यानं बफर वाढवला, म्हणजे आवाज जमवायला कॉम्प्युटरला जास्त उसंत दिली. त्यामुळे आपण वाजवलेलं हेडफोनमध्ये उशिरा आलं असतं. पण पेटी तर समोरच होती, ती त्याला उघड्या कानानं ऐकू येत होती. एक कान हेडफोनमध्ये, एक मोकळा ठेवून त्यानं भाता ओढला.

पहिल्यांदा सूर चुकला. दुसऱ्यांदा ऐन मध्यावर रस्त्यावरून रिक्षा भोंगा वाजवत गेली. तिसऱ्यांदा तो शेवटपर्यंत पोचला. चांगलं वाजलं की वाईट, याचा विचार करायला वेळ नव्हता.

“बॅटरी नऊ,” श्रीदेवी म्हणाली.

सात फायली मोबाईलच्या नेटवरून चढायला लागल्या. सातवी चढली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. थोड्याच वेळात लॅपटॉप विझला.

खोलीत उकाडा तसाच होता. “कधी सांगणार होतात?” तिनं विचारलं.

“पहिला भाग त्यांना आवडला की.”

“आणि आवडला नसता तर?”

त्यानं हेडफोन गळ्यातून काढून पेटीवर ठेवला.

“मला वाचता येतंय म्हणून कळलं,” ती म्हणाली. “तुमाला गरज लागली म्हणून कळलं. न्हायतर मी खालीच होते की.” आणि ती उठून खाली गेली.

सहाला लाईट आली. सातच्या सुमाराला प्रियंकाबाईंचा फोन आला. सहा प्रसंग छान झाले होते. सातव्यात पेटी चांगली होती, पण दुसऱ्या मिनिटाला व्हायोलिनात एक तडतड राहिली होती, ती उद्या संध्याकाळपर्यंत काढून हवी होती. अकरा भागांचं एकदम सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, पुढचे तीन करू, मग बघू.

“मॅडम, एक सांगायचं राहिलं,” शिवपुत्र म्हणाला. “मला दिसत नाही.”

“आधी सांगितलं असतंत, तर मी प्रसंगांचा कागद फोटो काढून पाठवला नसता,” त्या म्हणाल्या. “पुढचा टाइप करून पाठवते, म्हणजे तुम्हाला ऐकता येईल.”

तीन भाग. बँकेच्या पगारापुढे ते काहीच नव्हतं, आणि त्यानंतरचं कुणालाच माहीत नव्हतं. तो भिंतीला धरून जिना उतरला. श्रीदेवी तव्यासमोर होती, पीठ थापण्याचा आवाज येत होता. तो उंबऱ्यावर बसला आणि फोनवर काय बोलणं झालं ते सगळं, न वगळता, तिला सांगितलं. मग बँकेतल्या आठ महिन्यांचंही सांगितलं.

भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर ती म्हणाली, “उद्या ती तडतड काढायला कितीला बसायचं?”

“नऊला?”

“नऊला मला दुकानात माल द्यायचाय. अकराला बसू.”

“चालेल,” तो म्हणाला. तिचा राग गेला नव्हता, हे त्याला आवाजावरून कळत होतं. तो तिथंच बसून राहिला.