मैदा तिंबायचं मशीन

बोरी अरबच्या बाजाराला लागून असलेल्या बेकरीत इंदूबाई आधी टोस्टची पाकिटं भरायच्या. कापसाची सालं एकामागून एक वाया गेली, गिऱ्हाईक रोडावलं, आणि दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मालक भट्टी सोडून पोराकडे नागपूरला निघून गेला. इंदूबाईंनी भट्टी चालवायला घेतली. त्या आणि बेकरीत सोबत काम करणाऱ्या मानीबाई, दोघी मिळून लाकडी काठवटीत मैदा तिंबायच्या. जूनपासून आश्रमशाळेला रोज पाव द्यायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच मानीबाईंचा खांदा धरला. हात वर जाईना. मशीन घेतल्याशिवाय आता निभाव लागणार नव्हता.

मशीनचं इंदूबाईंना काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी पुंडलिकरावांना सोबत यायला सांगितलं. पुंडलिकराव गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कापूसच येईनासा झाल्यावर जिनिंग बंद पडलं आणि ते घरी बसले. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. इंदूबाईंच्या हातात पाच किलो मैद्याची पिशवी होती. ही कायले, असं त्यांनी एसटीत विचारलं, तर बाई नुसत्या हसल्या.

यवतमाळच्या दुकानदाराने समोरच ठेवलेलं उंच, चकचकीत मशीन दाखवलं. भांडं जागेवर राहायचं आणि वरून लोखंडी आकडा फिरायचा. तीन वेग होते. क्रीम फेटायची जाळीही सोबत मिळत होती. पुंडलिकरावांनी वाकून गिअर पाहिले, मान डोलावली आणि हेच घ्या म्हणाले. इंदूबाईंनी पिशवी पुढे केली. नव्या मशीनमध्ये ओला मैदा घालायला दुकानदार राजी नव्हता. बाई स्टुलावर बसल्या आणि उठेचनात. शेवटी त्याने पाणी आणि यीस्ट मागवलं.

मशीन सुरू झालं. थोड्या वेळात मैद्याचा गोळा आकड्याला धरून वर चढू लागला. दुकानदार तो खाली लोटत राहिला. इंदूबाईंनी गोळ्याला हात लावला, तर तो चांगलाच गरम झाला होता. चिमूटभर घेऊन त्यांनी ताणून पाहिला, तो लगेच तुटला.

कोपऱ्यात एक बुटकं, राखाडी मशीन होतं. त्यात भांडंही फिरायचं. त्याच्यात फक्त पावाचाच मैदा होतो, केक नाही, असं दुकानदार सांगत होता. उरलेला मैदा इंदूबाईंनी त्यात टाकायला लावला. दहा मिनिटांनी गोळा बाहेर आला तो गार आणि मऊ. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला आणि दाराकडे धरला. पातळ पडदा झाला तरी तुटला नाही, त्यातून बाहेरचा रस्ता दिसत होता.

"वहिनी, ते मोठं मशीन मजबूत हाये," पुंडलिकराव म्हणाले. "मी गिअर पाह्यले."

तीस वर्षं मशीनसोबत काढलेल्या माणसाला नाही कसं म्हणावं, असा इंदूबाईंना संकोच वाटला. पण हातातला मैदा त्यांना स्पष्ट सांगत होता.

"पुंडलिकभाऊ, मशीन तुमाले समजते. मैदा मले समजते. मले हेच पाह्यजे."

पुंडलिकरावांनी गुडघे टेकून त्या बुटक्या मशीनच्या मागची पाटी वाचली. मोटर थ्री फेजची होती, आणि बेकरीत वीज सिंगल फेजची, तिच्यावर ती चालणारच नव्हती. दुकानदाराने हे सांगितलंच नव्हतं. पुंडलिकरावांनी आवाज न चढवता त्याला पकडलं आणि सिंगल फेजचंच मशीन आठ दिवसांत मागवायचं कबूल करून घेतलं. एकट्या आल्या असत्या तर बंद मशीन घेऊन बसल्या असत्या, हे इंदूबाईंना तिथेच उमगलं.

मशीन आलं. पुंडलिकरावांनी ते पाणसळ लावून सपाट बसवलं, लाइट जायच्या वेळा विचारून मळायची वेळ ठरवून दिली. मानीबाई बरा हात कमरेवर ठेवून पाहत होत्या. पहिला गोळा निघाला तेव्हा त्यांनी तो दाबून पाहिला आणि म्हणाल्या, आपल्यापेक्षा बरं तिंबते हे.

पुंडलिकराव हत्यारं पिशवीत भरू लागले.

"उद्यापासून रोज येत जा," इंदूबाई म्हणाल्या. "भट्टीवर माणूस पाह्यजे."

"मले पाव कुठं येते?"

"मले तरी कुठं येत होता?"

पुंडलिकरावांनी पिशवी परत खाली ठेवली आणि पाव फुगल्यावर पहिला ट्रे भट्टीत कसा सारायचा ते विचारलं. आश्रमशाळेची घंटा व्हायच्या आत पाव पोहोचले, अजून गरम होते.