ईश्वरअप्पांची कंबर

झरीच्या बाजारात ईश्वरअप्पांचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या खोलीत पावसाळ्यापासून अप्पा स्वतः आडवे होते. कंबर तशी कैक वर्षं दुखत होती. मग परभणीला कंबरेचा एक्स-रे फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं तो उजेडापुढं धरून "मणक्यात गॅप आहे, जपा" एवढंच सांगितलं. त्या शब्दाच्या धसक्यानं अप्पा लाकडी फळीवर निजले ते निजलेच.

निजून तरी चैन कुठं? या कुशीला वळावं तर कळ मांडीत उतरायची, त्या कुशीला वळावं तर पाठ आखडायची. लेप झाले, शेक झाला, पट्टा झाला. मांडी घालता येईना, म्हणून सकाळची शिवपूजाही पडल्या पडल्या उरकायची. तळहातावरच्या इष्टलिंगाकडं बघायची त्यांना लाज वाटायची. पडद्यापलीकडं बायको चन्नबसम्मा गिऱ्हाईक करायची. कात्रीची करकर, बायांचं हसणं ऐकून अप्पांचा जीव तळमळायचा. आपल्यावाचून दुकानाचं काही अडत नाही, हे कंबरेतल्या कळेपेक्षा जास्त सलायचं.

एका दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला, टोळकं दुकानं बंद करत येत होतं. कुठंतरी काच फुटली. चन्नबसम्मा एकटीच दाराच्या जड फळ्या लावत होती, एक काही खाचेत बसेना. अप्पा उठले कधी, बाहेर आले कधी, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. वाकून त्यांनी ती फळी उचलली, बसवली. मग दुसरी, तिसरी. अडसर घातला. आवाज पुढं निघून गेला.

"अवो, तुमी वाकलात की!" चन्नबसम्मा म्हणाली.

तेव्हा कुठं अप्पांच्या ध्यानात आलं. सांजेपर्यंत कंबरेत आग पेटली. "मोडली गं! आता पाय जातेत माझे," म्हणत ते सारखी पायाची बोटं हलवून बघत राहिले.

एसटी सुरू झाल्यावर चन्नबसम्मानं त्यांना परभणीला दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पाय उचलून पाहिले, लघवीचं विचारलं. मग फोटो पाहिला.

"अप्पा, केस पिकतात तसे मणकेही पिकतात. अशी गॅप न दुखणाऱ्या माणसांतही दिसते."

"मंग मी काय ढोंग करायलाव का?" अप्पा तडकले.

"दुखणं खरं आहे. पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. निजून निजून कंबर दुबळी झालीय, एकदम ताण पडला म्हणून ती ओरडली. रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा. बरं वाटलं म्हणून सगळं काम एका दिवसात उपसू नका, आणि दुखलं की अंथरूण धरू नका."

"दुखणं पार थांबल का?"

"तसा शब्द देत नाही. कामाला मात्र लागाल."

एसटीत अप्पांना बसवेना. दांडा धरून उभे राहिले आणि वाटभर कुरकुरले, "सुई न्हाई, गोळी न्हाई. चाला म्हणं!"

"इतके लेप लावले, हेबी करून बघा," चन्नबसम्मा म्हणाली.

पहिल्या दिवशी ते महादेवाच्या देवळाच्या अर्ध्या वाटेतूनच परतले. पाऊल टाकलं की आता काहीतरी कट्कन तुटेल, असंच वाटे. तुटलं काही नाही. दिवाळीपर्यंत ते ओढ्यापर्यंत जाऊ लागले. पूजा उभ्यानं करू लागले. दुकानात उंच टेबल आलं. पण चन्नबसम्मा गल्ल्याजवळच्या गादीवरून उठली नाही.

"मी हितंच बसते. तुमी उभ्यानं कापड दाखवा."

अप्पा दोन दिवस रुसले. मग टेबलामागं उभे राहिले.

ऐन थंडीत एका सकाळी कळ पुन्हा तशीच आली. तीच भीती, तोच घाम. शेक घेऊन ते घटकाभर पडले, पण मन स्वस्थ पडू देईना. उठून त्यांनी चपला घातल्या.

"दुखायलंय का?" चन्नबसम्मानं विचारलं.

"लय," म्हणाले, आणि बाहेर पडले.

पहिल्याच वळणावरून ते परतले. दुकानात एक बाई लुगडी बघत होती. अप्पांनी एक हात टेबलावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं तिच्यापुढं हिरवं लुगडं उलगडलं.